हात आवरण्याची विद्या

आमच्या घरीं पाहुणेमंडळी जमलीं कीं माझी ओळख करून देतांना सासूबाई नेहमीं म्हणत, "ही आमची धाकटी सून, इस्पितळांत असते." 'नर्स आहे' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षें बाहेर पडले नाहींत. त्यांत तिरस्कार नव्हता, संकोच होता. सुनेनें शिक्षिका व्हावें, बँकेंत असावें, फार तर डॉक्टर व्हावें. परंतु परक्या माणसांचीं अंगें पुसण्याचें व त्यांचें मलमूत्र काढण्याचें काम आपल्या घरांतील स्त्रीनें पत्करावें, ही गोष्ट त्यांच्या पचनीं पडत नव्हती. मौज अशी कीं ज्या पुण्यांत आम्ही राहतों त्याच पुण्यांत १९०९ सालीं सेवासदन निघालें आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें विधवा स्त्रियांनीं ससून रुग्णालयांत जाऊन परिचारिकेचें शिक्षण घेतलें. त्या वेळीं त्यांना काय काय ऐकून घ्यावें लागलें असेल, याची कल्पना मला आपल्या माजघरांत बसून सहज करतां येई.

मी १९८४ सालीं एका पुनर्वसन रुग्णालयांत रुजू झालें आणि २०१८ सालीं तेथूनच निवृत्त झालें. पुनर्वसन रुग्णालय म्हणजे काय, हें आरंभीं मलाही नीटसें ठाऊक नव्हतें. त्यापूर्वीं दोन वर्षें मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत काढलीं होतीं. तेथें रोगी येतो, शस्त्रक्रिया होते, टांके निघतात, आणि आठदहा दिवसांनीं पेढे वाटून तो घरीं जातो. पुनर्वसनाच्या वॉर्डांत जो येतो त्याचें कापणें-शिवणें आधींच आटोपलेलें असतें. पाठीचा कणा मोडून मज्जारज्जु चिरडलेला, मेंदूंत रक्तस्राव होऊन अर्धें अंग लुळें पडलेलें, यंत्रांत हात किंवा रेल्वेखालीं पाय गेलेला, अशीं माणसें तेथें येतात. डॉक्टरांना जें करतां येण्यासारखें होतें तें त्यांनीं केलेलें असतें. जें गेलें तें पुष्कळदां परत यावयाचें नसतें. उरलेल्या शरीरानें उरलेलें आयुष्य कसें जगावें हें शिकण्याची ती शाळा आहे. आणि त्या शाळेंत चोवीस तास हजर असणारी शिक्षिका म्हणजे परिचारिका. डॉक्टर सकाळीं फेरी करून जातात, व्यायाम शिकविणाऱ्या बाई तासभर येतात. परंतु शिकलेला धडा गिरवावयाचा तो पलंगावर, न्हाणीघरांत आणि जेवणाच्या ताटापुढें. आणि त्या ठिकाणीं असतों आम्हीच.

पहिल्याच दिवशींची गोष्ट. अर्धांगाचा एक रोगी डाव्या हातानें सदऱ्याची गुंडी लावीत होता. पांच मिनिटें झालीं, सात झालीं. गुंडी काजांत जाई आणि निसटे. मला राहवेना. मी पुढें होऊन चट्कन गुंडी लावून दिली. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं मला बाजूला घेऊन हलक्या आवाजांत म्हटलें, "त्या गृहस्थांचें सकाळपासूनचें काम तुम्हीं एका क्षणांत पुसून टाकलेंत. उद्यां पुन्हां पहिल्यापासून. येथें काम करावयाचें असेल तर हात मागें बांधून उभें राहावयास शिका." मला फार अपमान वाटला. सेवा म्हणजे दुसऱ्यासाठीं करणें, एवढेंच मी आजवर शिकलें होतें. न करणें हीही सेवा असते, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें.

ह्या न करण्याचा हिशेब ठेवण्याची एक पद्धतही आहे. १९६५ सालीं अमेरिकेंत मॅहोनी आणि बार्थेल ह्या दोन बायांनीं एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती अजूनही जगभर वापरतात. तींत साध्या दहा गोष्टी आहेत: जेवणें, आंघोळ, तोंड धुणें व केस विंचरणें, कपडे घालणें, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचकूप वापरणें, पलंगावरून खुर्चीवर बसणें, सपाटीवर चालणें किंवा चाकांची खुर्ची चालविणें, आणि जिना चढणें. एकूण गुण शंभर. शंभरांपैकीं शंभर मिळाले म्हणजे माणूस बरा झाला असें नव्हे; ह्या दहा गोष्टींसाठीं त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. दहावी-बारावीच्या गुणांची चर्चा आपल्या घरांतून किती होते! परंतु पन्नाशीच्या गृहस्थाला पांचांचे दहा गुण झाल्यावर त्याच्या डोळ्यांत जें पाणी येतें, तें मीं कोणत्याही निकालाच्या दिवशीं पाहिलें नाहीं.

मात्र न करण्याची ही विद्या सर्व ठिकाणीं चालत नाहीं. कोठें हात आवरावा आणि कोठें क्षणाचाही विलंब करूं नये, हें ओळखणें हीच खरी परीक्षा. आणि तींत मी एकदां नापास झालें, तेंही येथें सांगितलें पाहिजे.

आपण निजलों असतां झोपेंतही नकळत कूस बदलतों. कारण दाबलेली जागा दुखूं लागते. मज्जारज्जु तुटलेल्या माणसाला तें दुखणें कळतही नाहीं आणि आपण होऊन त्याला हलतांही येत नाहीं. मग माकडहाड, खुबा, टांच अशा जागीं हाड आणि अंथरूण यांच्यामध्यें कातडी चेपली जाते, तेथील रक्त थांबतें आणि मांस मरूं लागतें. पहिल्या महायुद्धाच्या काळीं कणा मोडलेले बहुतेक सैनिक अशा शय्याक्षतांनीं किंवा मूत्रमार्गांतील जंतुदोषानें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. पुढें १९४४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील स्टोक मँडव्हिल येथें लुडविग गुटमन यांनीं अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. हे ज्यू डॉक्टर नाझींच्या छळामुळें १९३९ सालीं जर्मनी सोडून आलेले होते. त्यांचा मुख्य नियम फार साधा होता: प्रत्येक रोग्याची कूस दिवसा आणि रात्रीं, दर दोन तासांनीं बदललीच पाहिजे. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते स्वतः अपरात्रीं वॉर्डांत येत. माणसें वांचूं लागलीं तीं ह्या शिस्तीमुळें. आणि ती शिस्त पाळणारे हात परिचारिकांचे व मदतनिसांचे होते.

हें सर्व मला पाठ होतें. माझ्या नोकरीचें दुसरें वर्ष होतें. वॉर्डांत तीस खाटा, आणि त्या रात्रीं जोडीदारीण तापानें घरीं गेल्यामुळें मी एकटी. बदली कोणी आलें नाहीं. रेल्वेंतून पडून कणा मोडलेले एक मध्यमवयीन गृहस्थ तीन रात्री झोपले नव्हते. दोन वाजतां मी त्यांच्यापाशीं गेलें तेव्हां त्यांनीं हात जोडले. "सिस्टर, आत्तां कुठें डोळा लागला आहे. एक वेळ राहूं द्या." मला दया आली. चार वाजतां दुसऱ्या टोंकाला एका मुलाला हुडहुडी भरली, त्यांत मी गुंतलें. पुन्हां त्यांच्या पलंगाशीं पोहोंचलें तेव्हां सहा वाजले होते. कूस वळविली तों माकडहाडावर तांबडा डाग. बोटानें दाबून पाहिला, पांढरा होईना. बोट दाबूनही डाग पांढरा झाला नाहीं, तर आंत इजा झाली असें समजावयाचें. तिसऱ्या आठवड्यांत तेथें तळहाताएवढी जखम झाली. ती भरण्यासाठीं त्यांना चार महिने पालथें निजून काढावे लागले, आणि त्या वैशाखांत त्यांच्या मुलीच्या लग्नाला त्यांना जातां आलें नाहीं. मीं स्वतः मेट्रनबाईंना जाऊन सारें सांगितलें. एका जागीं दोघींची कामें एकीवर पडलीं हें त्यांनींही मान्य केलें. त्या गृहस्थांनीं तर मला कधीं शब्दानें दुखविलें नाहीं. परंतु मुलीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हां ते त्यांनीं मलाच दाखवावयास सांगितले, कारण पालथें निजून त्यांना ते हातांत धरतां येत नव्हते. एकेक फोटो मी त्यांच्या डोळ्यांपुढें धरीत होतें. तेव्हांपासून दया आली कीं मी आधीं घड्याळाकडे पाहूं लागलें.

आमच्या कामांतील ज्या भागाचा आपल्याकडे चारचौघांत उच्चार करीत नाहींत, त्याविषयींही दोन शब्द लिहितें. मज्जारज्जु तुटला म्हणजे पायांबरोबर लघवीचा व शौचाचा ताबाही जातो. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला पाय गेल्याचें जेवढें दुःख होतें, त्याहून अधिक लाज ह्याची वाटते. ठराविक वेळीं नळी घालून मूत्राशय रिकामें करणें, रोज एकाच वेळीं जेवणानंतर पोट साफ होण्याची संवय लावणें, हें सारें त्याला आम्हीच शिकवितों. प्रथम तो तोंड भिंतीकडे करून पडतो, हळूहळू प्रश्न विचारूं लागतो, आणि एके दिवशीं स्वतःची नळी स्वतः घालून सांगतो, "सिस्टर, आजपासून पडदा लावा आणि बाहेर थांबा." हें वाक्य ऐकलें कीं आमचा दिवस गोड होतो. येथें लक्षही फार ठेवावें लागतें. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागीं इजा झालेला रोगी एकाएकीं डोकें फुटतेंसें म्हणूं लागला, तोंड लाल होऊन घाम सुटला, तर तें साधें डोकें दुखणें समजूं नये. कोठेंतरी नळी मुरडून मूत्राशय तुंबलेलें असतें, आणि न कळणाऱ्या त्या त्रासानें रक्तदाब भलताच चढतो. अशा वेळीं त्याला ताबडतोब उठवून बसवावयाचें, कपडे सैल करावयाचे, नळी पाहावयाची. मांडीखालीं दुमडलेली नळी सरळ केल्याबरोबर कांहीं मिनिटांत तोच माणूस शांत होऊन जेवावयास मागतो. नातेवाइकांना वाटतें, सिस्टरनें कांहींच केलें नाहीं!

१९९१ च्या उन्हाळ्यांत सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांतून एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. विहिरींत सूर मारतांना पाणी कमी असल्यामुळें डोकें तळाशीं आपटून त्याची मान मोडली होती. पाय गेले, धड गेलें. खांदे हलत, कोंपरें वाकत, मनगटें वर उचलत. पण बोटांत जीव नव्हता. त्याची आई त्याच्या उशाशीं असे. विठ्ठलाच्या नांवानें तेल चोळीत ती माउली रोज त्याचीं आखडलेलीं बोटें एकेक करून सरळ करी. आम्हीं तिला तें करूं दिलें नाहीं. तिनें मोठमोठ्यानें रडून सगळा वॉर्ड गोळा केला. "माझ्या लेकराचे हात असेच वाकडे ठेवायचे म्हणता? तुम्हांला पोटचें पोर आहे कां?"

त्याचें कारण तिला समजावून सांगण्यास मला आठ दिवस लागले. वाचकांनींही आपल्या हातावर पाहावें. हात सैल सोडून मनगट मागें उचललें कीं बोटें आपोआप आंत वळतात; मनगट खालीं सोडलें कीं तीं उघडतात. ज्याच्या बोटांत शक्ति उरली नाहीं पण मनगटांत आहे, त्याला ह्याच युक्तीनें पेला, चमचा, कागद धरतां येतो. मात्र त्यासाठीं बोटांच्या शिरा थोड्या आखूडच राहिल्या पाहिजेत. आईच्या मायेनें मनगट आणि बोटें एकदम ताणून सरळ केलीं असतीं, तर हात दिसावयास सुरेख राहिला असता आणि जन्माचा निकामी झाला असता.

मग जेवणाचा झगडा सुरू झाला. चमचा तळव्याला पट्ट्यानें बांधून वरणभाताची एक वाटी संपवावयास त्याला पाऊण तास लागे. मी पाठ फिरविली कीं आई घास भरवी. एकदां मीं पाहिलें आणि कांहीं न बोलतां उभी राहिलें. मुलगाच म्हणाला, "आये, तूं घरला गेल्यावर मी उपाशी मरायचा काय?" त्या दिवसापासून ती जेवणाच्या वेळीं वऱ्हांड्यांत जाऊन बसूं लागली. आंत चमचा वाजे, खालीं पडे, पुन्हां वाजे. आणि ती बाहेर बसून ऐके. तो घरीं जाण्यास निघाला तेव्हां तिनें माझे आभार मानले नाहींत. "बाई, तुमचा लई राग आला होता," एवढेंच म्हणाली. कित्येक वर्षांनीं तो भावाबरोबर तपासणीसाठीं आला. आई निवर्तली होती. गांवांत भावाच्या दुकानाचा हिशेब तो पाहत होता. नोंदवहींत त्यानें मनगट उचलून पेन धरलें आणि आपलें नांव लिहिलें.

सर्वांचेंच असें होत नाहीं. कांहीं घरीं जाऊन सहा महिन्यांत शय्याक्षतें घेऊन परत येतात. कांहीं परत येतच नाहींत. "सिस्टर, मी चालेन ना?" हा प्रश्न बहुधा रात्रीं विचारला जातो, कारण दिवसा डॉक्टरांना विचारण्याचें धैर्य नसतें. खोटें बोलवत नाहीं आणि आशा तोडवत नाहीं. अशा वेळीं आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट मीं पुष्कळांना सांगितली आहे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं अधू झालेल्या ह्या जवानानें १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु एका रोग्यानें मला एकदां विचारलें, "सिस्टर, पदक राहूं द्या, कूस बदलावयास हांक मारावी लागणार नाहीं, असा दिवस येईल कां?" तेव्हांपासून मी पेटकरांची गोष्ट माणूस पाहून सांगूं लागलें.

हें सारें परक्यांच्या बाबतींत मला साधलें. घरीं काय झालें तें आतां सांगतें.

२००४ सालीं मामंजींना पक्षाघाताचा झटका आला. वय शहात्तर, निवृत्त मुख्याध्यापक. उजवें अंग लुळें पडलें आणि वाचा गेली. आमचें घर मोठें. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, मुलें, सासूबाई. सेवेला हातांची वाण नव्हती. एकजण भरवी, एकजण तोंड पुशी, एकजण कपडे बदली, नातवंडें वारा घालीत. येणारे-जाणारे धन्य धन्य म्हणत. आणि तीन महिन्यांत मामंजी देव्हाऱ्यांतील मूर्तीसारखे झाले. न्हाऊ घातलेले, पुसलेले, बसविलेले.

मीं रजा घेतली आणि सांगितलें कीं आजपासून ते डाव्या हातानें स्वतः जेवतील. पहिल्या दिवशीं अर्धा भात ताटाबाहेर गेला. सासूबाई ताडकन उठल्या. "आयुष्यभर ज्यांनीं ताटाबाहेर शीत सांडलें नाहीं, त्यांची अशी शोभा करतेस? तुझें इस्पितळ तुझ्यापाशीं. ह्या घरांत माणसें आहेत अजून." मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. रुग्णालयांत मी ज्यांना कष्टतांना पाहत असें, त्यांना पूर्वीं कसें होते हें मीं पाहिलेलें नसे. मामंजींना मीं पाहिलें होतें. त्यांचें तें वळणदार अक्षर, ती स्वच्छ वाणी. हात मागें बांधून उभें राहणें किती कठीण असतें, हें त्या साताऱ्याच्या माउलीला कळलें होतें तेवढें मला वीस वर्षांत कळलें नव्हतें.

आणि मीही चुकलेंच. एके दिवशीं ड्यूटीला उशीर होत होता. मामंजी गुंडीशीं झगडत होते. मीं जातां जातां ती लावून दिली. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, डाव्या हातानें ती गुंडी काढली आणि पुन्हां लावावयास घेतली. मी तशीच उभी राहिलें. त्या दिवशीं माझा हजेरीपटावर उशिराचा शेरा पडला.

त्याच सुमारास एका संध्याकाळीं मुलें दिव्यापुढें रामरक्षा म्हणत होतीं. एकाएकीं मागून मामंजींचा आवाज आला. ज्यांना पत्नीचें नांव घेतां येत नव्हतें, 'पाणी' म्हणतां येत नव्हतें, ते अस्पष्ट पण अखंड रामरक्षा म्हणत होते. सासूबाईंना आनंद झाला. मग राग आला. "म्हणजे येतें आहे कीं बोलतां! मग आमच्याशींच अबोला कां?" तेव्हां मीं समजावून सांगितलें कीं विचार करून शब्द जुळविणें आणि जन्मभर तोंडपाठ असलेलें म्हणणें, हीं मेंदूचीं निरनिराळीं कामें आहेत, पहिलें गेलें तरी दुसरें पुष्कळदां राहतें. हा हट्ट नव्हे, हें त्यांचें उरलेलें धन आहे. तेथूनच वाट काढावी लागेल. त्या रात्रीं सासूबाईंनीं प्रथमच मला माझ्या कामाविषयीं विचारलें, आणि बराच वेळ विचारीत राहिल्या.

मामंजींचें मन मात्र पूजेंत अडकलें होतें. पन्नास वर्षांचा नेम झटक्यापासून सुटला होता. उजवा हात चालत नाहीं आणि डाव्यानें देवाला वाहावयाचें नाहीं. मीं त्यांना रुग्णालयांतील रीत दाखविली: चांगल्या हातानें लुळ्या हाताचें मनगट धरावयाचें आणि दोन्हीं हात मिळून काम करावयाचें. हात उजवाच, आधार डाव्याचा. चौरंगापुढें खुर्ची ठेवली. बोटांत तुळशीचें पान दिलें. हात थरथरत उचलला, अर्ध्या वाटेवर थांबला, पान खालीं पडलें. दुसरें पान, तेंही पडलें. तिसरें ताम्हनाच्या कांठावर लागून आंत गेलें. मीं सहज शेजारीं पाहिलें. सासूबाई मुकाट्यानें बसल्या होत्या. पदराआड त्यांनीं आपले दोन्हीं हात एकमेकांत घट्ट धरले होते.

त्यानंतर मामंजी सात वर्षें जगले. वाचा पुरती आली नाहीं. पान रोज वाहिलें. २०११ सालीं ते गेले. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांची सेवा फार मनापासून होते, आणि ती व्हावीच. परंतु आजारी माणसाला आपण काय काय करून देतों ह्याच्या जोडीला, त्याच्यापासून आपण काय काय काढून घेतों, हेंही घरोघर एकदां पाहिलें जावें, एवढीच ह्या अनुभवामागची विनंति आहे.

मामंजींच्या दिवसकार्यासाठीं दूरचे नातेवाईक आले होते. त्यांतील एका वृद्ध बाईंनीं माझ्याकडे बोट करून ही कोण, असें विचारलें. सासूबाई म्हणाल्या, "ही आमची धाकटी सून. नर्स आहे."